दाबून पाहणारा माणूस

वांगी तर सगळेच दाबून घेतात. हा माणूस वांगी विकणाऱ्या बाईचा हातही दाबून बघायचा. "बाई, तुमचा अंगठा कपाळ झाला जी. विळा धरताना चिंधी गुंडाळत जा," असं म्हणून पुढं निघायचा आणि वांगी घ्यायचीच विसरायचा. दुसऱ्या कुणी असा हात धरला असता तर त्या बाईनं तराजू फेकून मारला असता. याला मात्र ती पुढच्या आठवड्यात लांबूनच हाक मारायची, "भाऊ, गुंडाळली हो चिंधी!" मी शेजारीच उभी असायचे. फिजिओथेरपिस्ट मी, नागपूरची डिग्री माझ्याजवळ, आणि हाताच्या घट्ट्यांबद्दल मला आजवर एका भाजीवालीनंही विचारलं नव्हतं.

गोंडपिपरीच्या पुढं, जंगलाच्या कडेला असलेल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात आम्ही दोघं कामाला होतो. तो लॅबमध्ये रक्त-थुंकी तपासायचा, मी समोरच्या खोलीत. मधे फक्त पाण्याचा माठ. सगळे त्याला लॅबभाऊ म्हणायचे. माझ्यापेक्षा चांगला अठरा वर्षांनी मोठा, त्यामुळे तोंडावर मी 'तुम्ही' म्हणायचे. मनात मात्र पहिल्या दिवसापासून 'तो', आणि आता लिहितानाही तोच राहू दे.

कपाळ म्हणजे काय, ते सांगायला हवं. कुठलीही वस्तू किती कडक आहे हे ठरवायला त्यानं स्वतःचं माप केलं होतं. सगळ्यांत मऊ तो गाल. मग कानाची पाळी, मग नाकाचा शेंडा, मग कपाळ. आणि कपाळाच्याही पलीकडचं जे काही असेल ते गडचांदूर, कारण तिकडं सिमेंटचे कारखाने. आमच्या मेसच्या पोळ्या ताज्या असल्या की कान, उरलेल्या असल्या की नाक. मोठ्या डॉक्टरांचा स्वभाव त्याच्या मते वरून गडचांदूर आणि आतून गाल. हे गमतीत म्हणायचा असं नाही. पेशंटच्या कागदावर खरोखर लिहायचा, 'मानेवरचा वण : मागच्या महिन्यात कपाळ, आता नाक.' नवे डॉक्टर आले की आधी हसायचे. दोन महिन्यांनी तेच डॉक्टर पेशंटला विचारायचे, "लॅबभाऊंनी काय सांगितलं? नाक की कान?" आणि माझ्या डोक्यात सणक जायची.

ताण म्हणून त्याला कशावरही खपायचा नाही. मोज्यांचं इलॅस्टिक कापलेलं, त्यामुळे मोजे घोट्यावर गोळा झालेले. घड्याळ खिशात. शर्ट दोन मापं मोठा. राखीपौर्णिमेला सिस्टरांनी राखी बांधली की आधी दोन बोटं घालून ती सैल करायचा, मग ओवाळणी. एकदा त्यानं मागच्या अंगणातली कपडे वाळवायची दोरी सैल केली. का, तर खुंटीजवळ ती फार ओढली जात होती. माझा धुतलेला ॲप्रन मातीत लोळला.

"भाऊ, माझा ॲप्रन गेला ना मातीत!"

"गेला जी," तो शांतपणे म्हणाला, "पण दोरी वाचली."

बाकीचे सगळे हसले. दोन दिवस हा किस्सा दवाखानाभर फिरला आणि प्रत्येकानं तो मलाच येऊन सांगितला.

रोज अकराला तो माझ्या खोलीत चहाला यायचा. बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश. मी बोलावलं नव्हतं कधी. तोच यायचा आणि माझ्याच विषयावर मलाच शिकवायचा. तरुणपणी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत तो संशोधन करत होता. वडील आजारी पडले म्हणून पंधरा दिवसांची सुट्टी घेऊन गावी आला आणि परत गेलाच नाही. हे तो बस चुकल्यासारखं सांगायचा. माझं असं काही सुटलं असतं ना, तर मी आयुष्यभर गावाला ऐकवलं असतं.

त्या प्रयोगशाळेत तो पेशी वाढवायचा. जखम भरताना धागे विणणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या. एका बशीच्या तळाला मऊ जेली, दुसरीला नुसती कडक काच. पेशी त्याच, खाणं तेच. जेलीवरच्या गुमान बसून राहायच्या. काचेवरच्या हातपाय ताणून ओढायला लागायच्या, त्यांच्या अंगात स्नायूसारखे दोर तयार व्हायचे, आणि मग धागे विणतच सुटायच्या.

"पेशीले डोळे नाई, कान नाई," तो बशी खाली ठेवून म्हणायचा. "मंग आपण कुठी हावो हे तिले समजते कसं? ते ओढून पाह्यते, बाई. मऊ लागलं का तिले वाटते, सारं ठीक हाय. कडक लागलं का वाटते, इथी जखम हाय, विणा लवकर! विणलं का जागा अजून कडक होते. कडक झाली का ते अजून ओढते, अजून विणते. जखम कवाचीच भरली राह्यते जी, पण बाई आता बस झालं, असं तिले कोणी सांगतच नाई."

दारूनं गेलेलं लिव्हर, धुळीनं गेलेलं फुप्फुस, आणि भाजलेल्या कोपराचा आखडलेला वण. सुरुवात तिन्हींची वेगळी, पण पुढं होतं ते हेच, असं त्याचं म्हणणं. "म्हणून वण दिसला का त्याच्याशी कुस्ती खेळू नका. तुमी हिसका देल्ला का पेशी समजते, पाह्य, अजून ओढाताण चालूच हाय. हळू ओढा, रोज ओढा. तिले पत्ता लागू देऊ नका."

यातलं बरंच मी शिकले होते. पण माझ्या पुस्तकात ते मेलेलं होतं, आणि याच्या तोंडून ऐकताना मला त्या पेशीची कीव यायची. याचाच राग यायचा मला.

हेवा हा शब्द त्यासाठी फार सभ्य आहे. अंगाचा तिळपापड व्हायचा. मान भाजलेली एक बाई तीन महिने माझ्याकडं येत होती. तिच्या मानेवर रोज अर्धा तास मी घाम गाळला. हनुवटी छातीला चिकटल्यासारखी होती ती वर आली, ती माझ्या हातानं. शेवटच्या दिवशी ती लॅबमध्ये गेली. यानं मान दाबली आणि म्हणाला, "कान!" बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. वाकून त्याच्या पाया पडली, आणि जाताना माझ्या दारावरून नुसती "येतो जी" म्हणून गेली. त्या दिवशी मी चहाला खोली आतून बंद करून बसले. तो बाहेर माठाजवळ बसून प्यायला.

सोमाभाऊ आला तो संक्रांतीच्या सुमारास. धीवर, चाळिशीचा, गावच्या मामा तलावावर मासेमारी करणारा. माजी मालगुजारांचे हे तलाव, म्हणून 'मा-मा'. आमच्याकडं सगळे त्यांना मामा तलावच म्हणतात. बांधावरून घसरताना बांबूच्या तुटक्या खुंटावर उजवा तळहात फाटला होता. टाके पडले, जखम भरली, पण वण जाडजूड झाला आणि मधली दोन बोटं आत ओढली गेली. हात उघडेना.

होळीनंतर गावाचा तलाव मारायचा असतो. सगळी धीवर घरं एकाच सकाळी जाळी घेऊन पाण्यात उतरतात. आणि त्या दिवशीचं पहिलं जाळं सोमाभाऊच्या घराचं. बापानं फेकलं, आज्यानं फेकलं, आता हा फेकत होता. फेकायचं जाळं म्हणजे गंमत नव्हे. ते गोल उघडायला हवं तर हाताची सगळी बोटं एकाच क्षणी सुटायला हवीत. एक बोट जरी दोऱ्यात अडकलं तरी जाळं माणसालाच घेऊन पाण्यात जातं.

"फेक चुकला तर चालते जी," सोमाभाऊ मला म्हणाला, "पण मी उभाच राह्यलो नाई, तर पयला फेक भावाच्या घरी जाईन. एकदा गेला का मंग तिकडंच राह्यते."

लॅबभाऊनं वण दाबला. बराच वेळ दाबून बसला. "नाक," म्हणाला. "बोटं उघडन. पण यंदा नाई, सोमाभाऊ. पुढच्या होळीले."

सोमाभाऊचा चेहरा पडला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "यंदाच उघडेल. मी उघडते." का म्हणाले? त्याचा चेहरा बघवेना म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे लॅबभाऊ 'नाही' म्हणाला होता म्हणून मी 'हो' म्हणाले.

युक्ती मात्र त्यानंच काढली. जाळं बुडावं म्हणून त्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या लावलेल्या असतात, चिंचोक्याएवढ्या. त्यातल्या पाच त्यानं दोऱ्यात ओवल्या, वर कापडाची कडी शिवली. हात टेबलावर उताणा ठेवायचा, बोटं कडेच्या बाहेर, बोटांना कडी अडकवायची आणि गोळ्या लोंबू द्यायच्या. अर्धा तास, दिवसातून चारदा. सोमाभाऊला वाचता येत होतं, म्हणून कागदावर लिहूनही दिलं. मोठा आकडा, ५. खाली, 'हळू.' सोमाभाऊ फारच खुश झाला, स्वतःच्याच जाळ्याच्या गोळ्या स्वतःचाच हात बरा करणार! येईल त्याला कडी दाखवायचा. "भाऊचं डोकं पाह्य!" मलाही दाखवली. दोनदा.

तीन आठवडे झाले. बोटं थोडी हलली, पण होळी काही त्यासाठी थांबणार नव्हती. मी हातानं ओढतच होते. एक दिवस म्हटलं, "सोमाभाऊ, गोळ्या वाढवा. पंचवीस करा."

"कागदावर पाच हाय, बाई," तो म्हणाला. अगदी आदरानं म्हणाला.

"मी सांगते आहे ना."

"हो जी. पण भाऊनं पाच लिवलं."

इतके दिवस ज्याचा हात मी रोज हातात घेत होते, त्याला माझा शब्द नको होता, लॅबभाऊचा कागद हवा होता. मी म्हटलं, आणा तो कागद उद्या, भाऊंना विचारून घेते. दुसऱ्या दिवशी कागद आला. लॅबभाऊ रक्त काढत होता. मी माझ्या खोलीतून बाहेरही गेले नाही. टेबलावर निळं पेन होतं. पाचाच्या आधी दोन काढला. कागद परत दिला आणि म्हटलं, "बघा, भाऊंनी वाढवून दिलं." त्याचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, शपथेवर सांगते. होळीला सोमाभाऊ जाळं फेकेल आणि गावभर सांगेल, 'बाईनं हात उघडला', एवढंच माझ्या डोळ्यांपुढं होतं.

इकडं माझी ओढाताण, तिकडं पंचवीस गोळ्या. आठव्या दिवशी घरी वण चिरला आणि त्याचं माझ्याकडं येणं थांबलं. तरी त्यानं गोळ्या काढल्या नाहीत, कागदावर लिहिलं होतं ना. अकराव्या दिवशी बायकोनं त्याला बैलगाडीत घालून आणलं. तळहात टम्म सुजलेला, वणातून रक्त आणि पू, अंगात ताप, आणि ती दोन बोटं आधीपेक्षाही आत.

मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. कागद त्यांच्या हातात होता.

"हे पंचवीस तुम्ही लिहिलंत?"

लॅबभाऊनं कागद घेतला. जवळ नेला, लांब नेला. एकदा माझ्याकडं पाहिलं. मग सोमाभाऊच्या हाताकडं, जास्त वेळ.

"हो जी," तो म्हणाला. "कागद माझाच हाय."

डॉक्टर फार बोलले. लॅबमधल्या माणसानं लॅबमध्येच राहावं, असं म्हणाले. आजपासून रक्त काढण्यापलीकडं एकाही पेशंटला हात लावायचा नाही, असं म्हणाले. सोमाभाऊ मान खाली घालून रडत होता. मी तिथंच उभी होते, कपाटाला टेकून.

दुसऱ्या दिवशी अकराला तो चहाला आला. मी वाट बघत राहिले. आता बोलेल, आता बोलेल. त्यानं बशी तोंडाला लावली. "साखर कमी हाय जी," म्हणाला, आणि पिऊन गेला. असं चार दिवस. पाचव्या दिवशी मीच फुटले. "भाऊ, काऊन घेतलं अंगावर?"

तो जरा ओशाळला, जणू त्यालाच पकडलं होतं. "डॉक्टरनं तुमाले काढून टाकलं असतं, तर त्या हाताले कोण पाह्यलं असतं, बाई? मले तर निस्तं दाबता येते."

त्याचे पाय धरायला हवे होते मी. मला संताप आला. माझ्या भाजलेल्या बाईचं कौतुक यानं नेलं, सोमाभाऊचा विश्वास नेला. एक चूक तेवढी पूर्णपणे माझी होती, माझ्या हातानं केलेली, तीही हा उचलून घेऊन गेला. आता मी तिचं प्रायश्चित्तही घेऊ शकत नव्हते. घेतलं असतं का, ते सोडा. पण घेता आलं असतं की!

होळीनंतर तलाव मारला. पहिलं जाळं भावानं फेकलं. सोमाभाऊ बांधावर हात फडक्यात गुंडाळून उभा होता, असं लोक सांगत होते. मी गेले नाही. लॅबभाऊ गेला होता. नंतर सांगत होता, "चांगलं गोल पडलं जी."

दवाखान्यात पेशंटला हात लावायला बंदी होती. रविवारी दवाखाना बंद. म्हणून तो दर रविवारी सायकलनं सोमाभाऊच्या गावी जायचा. तेल लावून हळूहळू चोळायचा, पाच गोळ्या लोंबवायचा, समोर बसून राहायचा. आठवड्यातून दोनदा सोमाभाऊ माझ्याकडं यायचा. या वेळी मी हिसका दिला नाही. जे शिकवणं मी इतकी वर्षं चहाबरोबर गिळलं होतं, तेच मी केलं. वर्षभरात गडचांदूरचं कपाळ झालं, कपाळाचं नाक. हे माप मीच घेत होते, चोरून, अंगठ्यानं. बोटं निम्मी उघडली. ताटातला भात कालवता येईल इतकी. जाळं सुटेल इतकी नाही. पहिला फेक भावाच्या घरी गेला तो गेलाच.

पुढं लॅबभाऊ निवृत्त झाला. निरोपाला एवढी माणसं आली की मांडव कमी पडला. मी भाषण केलं नाही. घसा बसलाय म्हणून सांगितलं.

मागच्या पावसाळ्यात तो वारला. मला उशिरा कळलं. त्यानंतर महिनाभरानं गोंडपिपरीच्या बसस्टँडवर मी चंद्रपूरच्या गाडीची वाट बघत उभी होते, तर मागून हाक आली, "बाई! वळखलं का जी?" सोमाभाऊ. केस पिकलेले. माशांची टोपली डाव्या हातात, उजवा हात तसाच, अर्धा मिटलेला.

"लॅबभाऊ गेले," मी म्हटलं.

"मालूम हाय. मी मातीले गेलतो. खांदा देल्ला." त्यानं टोपली खाली ठेवली. "त्याईनं माझा हात बिघडवला, खोटं कायले बोलू? आमच्या घराचा पयला फेक गेला. दोन वर्सं मले तलावाकडं पाह्यवत नव्हतं. पण एक आयतवार चुकवला नाई त्या माणसानं. पाण्यापावसात येत होते. एक दिवस मीच म्हटलं, भाऊ, जाऊ द्या, मी तुमाले माफ केलं. तर रडले जी. लहान पोरावानी रडले."

ती माफी माझी होती. या माणसानं ती दिली होती, पूर्ण मनानं, आणि मिळाली त्याला. कुणी माझ्या ताटातला घास उचलून नेल्यासारखं झालं मला. तो माणूस मेला होता, आणि मी अजून त्याच्यावर जळत होते.

"सोमाभाऊ," मी म्हटलं, "कागदावरचा दोन मी काढला होता. भाऊंनी पाचच सांगितल्या होत्या. शेवटपर्यंत पाचच. पंचवीस मी केले."

मला वाटलं, आता टोपली उचलेल आणि थुंकून निघून जाईल. तेच मला हवं होतं. मग त्याचे डोळे भरून आले.

"बाई," तो म्हणाला, "मेलेल्या माणसाचं नाव चांगलं राह्यावं म्हणून तुमी सोताच्या अंगावर घेता?"

"नाही हो, खरंच मी..."

"राहू द्या जी. तुमी माझा हात वर्सभर चोळला, मी काय भुललो? असं माणूस पाह्यलं नाई मी." त्यानं वळून बाकावरच्या लोकांना मोठ्यानं सांगितलं, "ह्या दवाखान्याच्या बाई. देवमाणूस. यायले बसू द्या!"

लोक माझ्याकडं बघायला लागले. लॅबभाऊकडं बघायचे ना, अगदी तसे. पुन्हा एकदा, नीट, सावकाश सांगितलं असतं तर त्याला पटलं असतं. गाडीला वेळ होता. पण मला ते फार बरं वाटत होतं हो, फार बरं. एका म्हातारीनं सरकून जागा केली. मी बसले.